कुंडीतली फांदी

आमरी म्हणजे ऑर्किड. तुमच्या किंवा शेजारच्यांच्या घरी आमरीची कुंडी असेल, तर चमचाभर पाणी घेऊन तिच्यापाशी जा. कुंडीबाहेर डोकावणारं एखादं जाड, चंदेरी मूळ शोधा. त्यावर पाणी सोडा आणि बघत राहा. जिथे पाणी लागलं, तिथे मूळ हिरवं व्हायला लागेल. मिनिटाभरात ते चक्क पोपटी दिसेल!

माझ्या भाचीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ओरडलीच, "मावशी, हिची मुळं सरडा आहेत!"

सरडा नाही, स्पंज. या मुळांवर मेलेल्या, पोकळ पेशींचं एक जाड पांघरूण असतं. त्याला म्हणतात वेलामेन. कोरडं असताना त्या पोकळ्यांमध्ये हवा असते, म्हणून मूळ पांढुरकं दिसतं. पाणी पडलं की पांघरूण ते घटाघटा पिऊन टाकतं, पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. हिरवा म्हणजे? बरोबर, हरितद्रव्य! या मुळांना उजेड मिळाला, तर पानांसारखं तीही थोडं अन्न बनवतात. आपल्या सह्याद्रीत टीनिओफायलम नावाची एक चिमुकली आमरी आहे. तिला पानंच नसतात. सगळा स्वयंपाक मुळांकडे!

आता सांगा, अशी मुळं मातीत पुरली तर काय होईल?

मला विचारा, मी तो पराक्रम केलाय. माझी पहिली आमरी मी छान रंगवलेल्या मोठ्या कुंडीत लावली. लाल माती, शेणखत, रोज तांब्याभर पाणी. काही दिवसांनी पानं पिवळी पडली. मला वाटलं, तहानली असेल. आणखी पाणी घातलं. शेवटी उपटून पाहिलं, तर मुळं तपकिरी आणि लिबलिबीत. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरचं साल मोज्यासारखं निघून आलं आणि हातात राहिला नुसता दोरा. आमरी तहानेनं गेलीच नव्हती. ती गुदमरली होती.

कारण मुळंही श्वास घेतात. त्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो हवेतून जितक्या भरभर पसरतो, त्याच्या सुमारे 10,000 पट सावकाश पाण्यातून पसरतो. मातीचे कण बारीक, त्यांच्यामधल्या फटी त्याहून बारीक. रोज पाणी घातलं की सगळ्या फटी भरून जातात. मग हवेनं शिरायचं कुठून?

"पण जास्वंद राहते की मातीत!" भाचीचा मुद्दा बिनतोड होता. राहते, कारण जास्वंद मातीतलीच. आमरीही काही जमिनीवर उगवतात. पण आपण घरी आणतो त्या बहुतेक आमरी झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या. मे-जूनमध्ये सह्याद्रीत एखाद्या जुन्या झाडावर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस लोंबताना दिसतात. ती सीतेची वेणी, आपली अस्सल आमरी. लोक तिला बांडगूळ समजतात. बिचारी! बांडगूळ फांदीत मुळं घुसवून झाडाचा रस पितं. आमरी मात्र लोकलमध्ये खिडकी पकडून बसलेल्या प्रवाशासारखी असते. जागा धरेल, पण शेजाऱ्याच्या डब्याला हात लावणार नाही. पाऊस पडला की तिची मुळं भिजतात, वारा आला की सुकतात. सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यात धूळ, कुजलेली पानं, पक्ष्यांची शीट असं जे विरघळून येतं, ते तिचं जेवण.

म्हणजे आपल्याला कुंडीत काय भरायचंय? माती नाही. फांदी!

आता फांदी कशी भरणार? त्यासाठी तीन वस्तू गोळा करा. एक, नारळाचं सोडण, म्हणजे करवंटीवरचं काथ्याचं जाड साल. त्याचे बोराएवढे तुकडे करा, पण कात्री मोठ्या माणसांच्या हातात द्या. तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला. पहिल्या दिवशी ते चहासारखं तपकिरी होतं. सोडणातला रंग आणि क्षार असे निघून जातात. दोन, लाकडी कोळसा. कणसं भाजणाऱ्या मावशींच्या शेगडीत असतो तोच, पण न पेटवलेला. तो हलका असतो आणि कुजत नाही. तीन, विटांचे छोटे रोडे. ते पाणी पितात आणि हळूहळू सोडतात. बाजारात पाइनच्या सालीचे तुकडेही मिळतात, तेही उत्तम.

खात्री करायचीय? चहाच्या दोन जुन्या गाळण्या घ्या. एकीत माती, दुसरीत हे मिश्रण. दोन्हींत कपभर पाणी ओता. मिश्रणातून पाणी सळकन खाली जाईल. मातीत त्याचं डबकं होईल आणि मग थेंब थेंब गळत बसेल. तासाभरानं दोन्हींत बोट घालून बघा. माती चिकट लगदा झालेली असेल. मिश्रणाचे तुकडे ओलसर असतील, पण त्यांच्यामध्ये हवा खेळत असेल. आमरीला तेच हवं असतं.

राहिली कुंडी. मातीच्या कुंडीचं वागणं माठासारखं असतं. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडून जातं, म्हणून आतलं मिश्रण लवकर सुकतं. प्लॅस्टिकची कुंडी ओल धरून ठेवते. म्हणून मुंबई-कोकणाच्या दमट हवेत बाजूनंही भोकं असलेली मातीची कुंडी छान. सोलापूर-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात प्लॅस्टिकची बरी. ती पारदर्शक असेल तर मजाच! मुळं हिरवी आहेत तोवर पाणी नको, चंदेरी झाली की घाला. मुळंच तुम्हाला सांगतील. व्हॅण्डा नावाच्या आमरीला तर काहीच भरावं लागत नाही. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत तिला नुसतं टांगतात आणि मुळं खाली मोकळी लोंबतात.

कुंडी मोठी घेऊ नका. मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या, कारण मोठ्या कुंडीचा मधला भाग सुकतच नाही. आणि दोनेक वर्षांनी मिश्रण बदला. सोडण, साल हळूहळू कुजून बारीक होतात. म्हणजे त्यांची माती व्हायला लागते, आणि मातीचं काय होतं ते तुम्हाला आता माहीत आहे! फुलं संपल्यावर, नव्या मुळांची हिरवी टोकं दिसली की हे काम करायचं. रोप मात्र रोपवाटिकेतूनच आणा. रानातली आमरी रानातच राहू दे.

माझी दुसरी आमरी अशाच कुंडीत लावली. परवा भाची धावत आली. "मावशी, ती पळून चाललीय!" जाऊन पाहिलं, तर एक मूळ कुंडीच्या काठावरून बाहेर पडून खिडकीच्या लाकडी चौकटीला घट्ट चिकटलं होतं.

मी हलवून पाहिलं. सुटेना. मग भाचीच्या हातात चमचा दिला आणि त्या मुळाला तिथेच पाणी पाजलं.