पेढे डॉक्टरांना, हाका सिस्टरला

प्रसूती कक्षाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांना आतला अंदाज आवाजांवरूनच बांधावा लागतो. कण्हणं, ट्रेचा खणखणाट, मधूनच ‘रडू नकोस, जोर लाव!’ असा दरडावणीचा सूर. मग बाळ रडतं आणि सासूबाई विचारतात, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपण सरळ झालं असेल, तर बऱ्याचदा डॉक्टरांचा हातही लागलेला नसतो. सगळं नर्सबाईंनी केलेलं असतं. पेढ्यांचा पहिला बॉक्स तरी डॉक्टरांच्याच टेबलावर जातो.

बाकावरून दिसत नाही असं आत पुष्कळ चालू असतं. कळा नीट सुरू झाल्या की दर अर्ध्या तासानं बाळाचे ठोके मोजायचे, पिशवीचं तोंड किती उघडलं ते दर चार तासांनी पाहायचं आणि सगळं पार्टोग्राफ नावाच्या तक्त्यावर मांडायचं. तक्त्यावरची रेघ धोक्याकडे झुकली, तर बाईला वेळेत मोठ्या रुग्णालयात हलवायचं. बाळ बाहेर आलं की मिनिटाभरात आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचं मोठं कारण आहे. नातेवाइकांच्या लक्षात यातलं काहीच राहत नाही. लक्षात राहतं ते एवढंच, की सिस्टर नीट बोलल्या की वसकन अंगावर आल्या.

ही तक्रार खोटीही नसते. बाळंतपणात बायकांना मिळणाऱ्या अपमानास्पद वागणुकीविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली निवेदनच काढलं. भारतातल्या २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानंही प्रसूती कक्षातली सन्मानाची वागणूक हा दर्जाचा भाग मानला. एका सिस्टरवर तीन-तीन खाटा आल्या की आवाज चढतो, हे खरं. पण ते कळा देणाऱ्या बाईनं समजून घ्यावं, ही अपेक्षा जरा जास्तच.

पूर्वी सुईण घरी यायची. पाचवीला तिचा मान असे, साडीचोळी मिळे, धान्य मिळे. ती बहुतेकदा दलित घरातली. नाळ तिनं कापायची आणि विटाळाचं कामही तिनंच उरकायचं. ते झालं की तिची जागा पुन्हा उंबऱ्याबाहेर. परक्या देहाला हात लावण्याचं काम हलकं, ही समजूत नर्सिंगलाही चिकटली. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सुरू झालेल्या पुणे सेवासदनातून ब्राह्मण घरांतल्या विधवांनाही नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा विरोध झाला तो याच समजुतीतून. परक्या पुरुषांची शुश्रूषा आणि रात्रपाळी! पुण्यातल्या भल्या घरांना ते कसं पचणार?

हेटाळणी ओसरली, तिच्या जागी कौतुक आलं. पण त्या कौतुकातही एक गोम आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३मध्ये तिथेच अत्याचार झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. मे २०१५मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. नव्या तुकड्या आल्या, जुन्या निवृत्त झाल्या, काळजी थांबली नाही. त्यांच्याबाबतच्या २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या सेवेचा गौरव केला. देशानं त्यात माया पाहिली, त्याग पाहिला. माया होतीच. मात्र वर्षानुवर्षं खाटेवर पडून असलेल्या देहाला बेडसोअर होऊ न देणं नुसत्या मायेनं जमत नाही. कुशीवर कधी वळवायचं, त्वचा कुठे लाल होते आहे, पोटात काय आणि किती जातं आहे, हे सगळं शिकून घ्यावं लागतं. ‘सिस्टर फार प्रेमळ आहेत’ म्हणणारे नातेवाईक ‘सिस्टर फार हुशार आहेत’ असं क्वचितच म्हणतात.

कोविडमध्ये तर दोन्ही तऱ्हा एकदमच दिसल्या. २२ मार्च २०२० रोजी गॅलऱ्यांमधून थाळ्या वाजल्या आणि त्याच सुमारास काही परिचारिकांना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितलं.

आता केंद्र सरकारनं २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परिचारिकांसाठी मिडवाइफरीचं १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण आखलं आहे. ते घेतलेल्या परिचारिकेनं निर्धोक बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडावं, अडचण दिसली तरच डॉक्टरांना बोलवावं, अशी कल्पना आहे. महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि साधारण चारांतलं एक सिझेरियन असतं. अशा ठिकाणी नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘मोठ्या डॉक्टर येणार ना?’ हाच असणार. त्याचं उत्तर कळा सुरू झाल्यावर देऊन भागायचं नाही. गरोदरपणातल्या तपासण्यांपासूनच ही मिडवाइफ त्या घराच्या ओळखीची व्हायला हवी आणि ती काय काय जाणते, हे डॉक्टरांनीच समोर बसवून सांगायला हवं.