आरसा मिटत नाही? अख्खा बदलण्याआधी आवाज ऐका

नवी मुंबई : करावे गावातल्या अरुंद गल्लीत गाडी लावायची म्हणजे बाजूचे आरसे मिटावेच लागतात. बटणावर मिटणारा आरसा अडकला की अनेकदा अख्खा आरसाच बदलायचा सल्ला मिळतो. दरवेळी तेवढ्या खर्चाची गरज नसते.

आधी बटण दाबून कान द्या. दोन्ही आरसे गप्प असतील तर फ्यूज किंवा बटण तपासा. फ्यूज कुठला, ते गाडीच्या पुस्तकात असतं. नवा टाकताना तेवढ्याच अँपिअरचा टाका. त्याजागी तार गुंडाळाल तर वायरिंग पेटू शकतं. एकच आरसा गप्प असेल तर त्याची वायर, कनेक्टर किंवा मोटर बघावी लागते. करावे खाडीकाठचं, हवा खारी. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच तो साफ करा.

मोटर घरघरते पण आरसा हलत नाही, तेव्हा बहुतेक वेळा आतला प्लास्टिकचा गिअर सुटलेला किंवा झिजलेला असतो. रिक्षा घासून गेली, पोरांनी हाताने ढकलला, एवढंही पुरतं. बटणानेच तीन-चार वेळा उघड-मीट करा. कधी कधी ‘कट्’ आवाज येऊन गिअर जागेवर बसतो. नाही बसला तर गिअर किंवा मोटर सुटी मिळते का, हे स्पेअर पार्टच्या दुकानात आधी विचारा.

तोवर आरसा हाताने हळूच उघडून ठेवा. मिटलेल्या आरशाने पाम बीच रोडला लागू नका.