रिपीट जितके, पिना तितक्या



आज आम्ही बोलणार आहोत रिपीट गनबद्दल आणि तिच्यातून पडणाऱ्या तुटक्या पिनांबद्दल. पुस्तकी नाव पॉप रिव्हेट. पण पालघरच्या हार्डवेअरच्या दुकानात 'रिपीट द्या' म्हटलं की दुकानदार लगेच समजतो. आमच्या सातपाटीत हे अवजार आता घराघरांत आलंय. बर्फाच्या पेटीचं बिजागर सुटलं, टेम्पोच्या फाळक्याचा पत्रा उचकटला, खिडकीची अल्युमिनियमची चौकट हलायला लागली, की रिपीट गन काढली जाते. बोईसरला कारखान्यात जाणाऱ्या आपल्या कितीतरी मुली दिवसभर पत्र्याचे डबे नि कपाटं रिपीटनेच जोडतात. आमच्या बचत गटातल्या काही जणीही नगावर हे काम घेतात. म्हणून हा विषय बायकांचा नाही असं कुणी म्हणू नये.

आधी रिपीट बसतो कसा ते पाहू. नटबोल्ट आवळायचा तर मागून पाना धरावा लागतो. बंद पेटीच्या आत हात जात नाही, तिथे काय करायचं? तिथे रिपीट उपयोगी. त्याचे दोन भाग असतात. एक अल्युमिनियमची छोटी पोकळ नळी, तिला वर टोपीसारखी कड. दुसरी त्या नळीतून आरपार गेलेली पोलादी पिन, तिच्या खालच्या टोकाला बोंड. नळी भोकात घालायची आणि वर आलेली लांब पिन गनच्या तोंडात सरकवायची. दांडे दाबले की गनच्या पोटातला दातेरी जबडा पिन पकडून मागे ओढतो. पिनेचं बोंड नळीत घुसतं, नळी पत्र्याच्या मागच्या बाजूला फुगते आणि दोन पत्रे घट्ट धरले जातात. ओढ पुरेशी झाली की पिन तिच्या मुद्दाम कमजोर ठेवलेल्या मानेवर 'टक्' करून तुटते. रिपीट बसला.

आता उरलं काय? गनच्या पोटात पिनेचा लांब तुकडा. बोटाच्या पेराएवढा, एका टोकाला तुटल्यामुळे धारदार. दांडे पूर्ण उघडून गन कलती केली की तो पुढून किंवा मागून खाली पडतो. एका रिपीटमागे एक पिन. दिवसात 200 रिपीट मारले तर 200 पिना. त्या सगळ्या जातात कुठे, हा आजचा खरा प्रश्न.

काही जमिनीवर पडतात आणि पायात जातात. आमच्या एका ताईच्या टाचेत रबरी चपलेतून पिन घुसली, चार दिवस काम बंद आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. काही झाडूबरोबर अंगणात जातात. आपल्याकडे अंगण म्हणजे नुसतं अंगण नसतं. तिथेच खळं असतं, वलांडीवर बोंबील सुकत असतात, जवळा पसरलेला असतो. त्या जवळ्यात एक पिन गेली तर दिसायची नाही, ती दिसेल जेवणाऱ्याच्या घासात. आणि काही पिना गनमध्येच अडकतात, मग काम थांबतं आणि नगावरची मजुरी बुडते.

या तिन्ही अडचणींवर लोहचुंबक मदत करतो. पण कुठे मदत करतो आणि कुठे नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

चुंबक लोखंड नि पोलाद ओढतो. अल्युमिनियम, पितळ, तांबं त्याला चिकटत नाही. बाजारातल्या नेहमीच्या रिपीटची नळी अल्युमिनियमची आणि पिन पोलादाची असते, म्हणून चुंबक बरोबर पिनच उचलतो. घरघंटीच्या वरच्या टोपलीत काही कंपन्या चुंबक बसवतात, तो धान्यातला खिळा नि तारेचा तुकडा धरतो पण गव्हाच्या दाण्याला हात लावत नाही. काम तेच.

दुसरी गोष्ट, चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार भरभर कमी होते. चिकटलेला खिळा ओढून काढायला जोर लागतो, पण तोच खिळा दोन बोटं लांब ठेवला तर हलतही नाही. तिसरी गोष्ट, प्लास्टिक किंवा अल्युमिनियम मधे आलं तरी ओढ पलीकडे पोचते, लोखंडी पत्रा मधे आला तर तो ती ओढ स्वतःकडे घेतो. या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचं सगळं सोपं.

आता साधन बनवू. बंद पडलेल्या रेडिओ-टेपच्या स्पीकरमागे काळा, बांगडीसारखा गोल चुंबक असतो. भंगारवाल्याकडे मिळतो. त्याला फेराइट म्हणतात. तो आयर्न ऑक्साइड, म्हणजे एका अर्थी लोखंडाचा गंजच, दुसऱ्या क्षारांबरोबर भाजून बनवलेला असतो. त्यामुळे आपल्या खाऱ्या हवेतही त्याला गंज चढत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी चकत्या काढता आल्या तर ओढ जास्त लागते. काढताना जपून, कारण तो मातीच्या भांड्यासारखा फुटतो. दुकानात मिळणारे चकचकीत छोटे चुंबक निओडिमियमचे. ते जास्त ताकदीचे, पण त्यांचा वरचा मुलामा खरवडला की आपल्या हवेत गंजून भुगा होतात.

पहिला उपयोग कामाच्या जागेवर. रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा घ्या, चुंबक डब्याच्या आत नाही, तळाला बाहेरून लावा. प्रत्येक रिपीटनंतर गन डब्यावर धरून दांडे उघडायचे. पिन आत पडली की तळाला धरली जाते. डबा लवंडला, लेकराचा पाय लागला, तरी पिना सांडत नाहीत. काम संपल्यावर चुंबक काढून घेतला की सगळ्या पिना मोकळ्या. चुंबक आत ठेवला असता तर एकेक पिन नखाने सोडवत बसावं लागलं असतं.

दुसरा उपयोग गनवरच. ज्या गनमधून पिन मागच्या भोकातून पडते, तिथे काही मोठ्या गनना कंपनीच बाटली लावून देते. लहान गनला आपण औषधाची रिकामी प्लास्टिकची बाटली रबरी नळीच्या तुकड्याने बसवू शकतो, आणि बाटलीच्या बुडाला बाहेरून छोटा चुंबक चिकटपट्टीने लावू शकतो. म्हणजे खाली वाकून काम करताना बाटलीतल्या पिना परत गनच्या पोटात उतरत नाहीत. मात्र चुंबक जबड्यापासून निदान चार बोटं लांब हवा.

का लांब, ते ऐका. गनचा जबडा कडक पोलादाचा असतो. कडक पोलादाला चुंबक जवळून लागला की ते स्वतःच चुंबक बनतं आणि तसंच राहतं. मग तुटलेली पिन सुटायची ती जबड्याला चिकटून बसते, पिनेचा बारीक कीस दात्यांत साचतो, दाते बोथट होतात, पकड सुटते. साफ करायला गेलो आणि कायमची घाण लावून घेतली असं होतं. तुमच्या गनचं असं झालंय का हे पाहायचं असेल तर जबडा बाहेर काढून त्याला टाचणी लावून पाहा. टाचणी लटकली तर जबडा चुंबक झालाय. मोठ्या वर्कशॉपमध्ये चुंबकत्व उतरवायचं विजेचं यंत्र असतं, तिथून करून घ्या, नाहीतर जबडा बदला. गॅसवर तापवू नका, पोलादाचा कडकपणा जातो.

याच कारणाने आम्ही गटात सांगतो की पोटात अडकलेली पिन चुंबकाने ओढत बसू नये. गन लोखंडी असेल तर चुंबक गनलाच चिकटतो आणि आतल्या पिनेपर्यंत ओढ पोचतच नाही. आणि पिन अडकते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने. गनबरोबर चार नोझल मिळतात: 2.4, 3.2, 4 आणि 4.8 मिलिमीटरच्या रिपीटसाठी. 3.2 च्या रिपीटला 4.8 चा नोझल लावला तर भोक मोठं पडतं, पिन वाकडी होते, तुटकं टोक आत आडवं बसतं. उलट भोक घट्ट असेल तर पिन जेमतेम आत जाते आणि बाहेर येत नाही. तेव्हा आधी नोझल पाहा. तो बरोबर असेल तर नोझल पान्याने सोडा, जबडा आणि स्प्रिंग काढा, घासलेटात बुडवून जुन्या दातघासणीने दात्यांतला कीस काढा, कोरडं पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब द्या. सातपाटीसारख्या ठिकाणी हे पंधरा दिवसांनी करावंच, कारण खाऱ्या वाऱ्याने स्प्रिंग लवकर गंजते आणि मग जबडा नीट चालत नाही.

आता चुंबकाची मर्यादा. समुद्रकाठी पुष्कळ जण स्टेनलेस स्टीलचे रिपीट वापरतात, साधी पिन गंजते म्हणून. पण भांड्यांसाठी वापरतात त्या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक नीट धरत नाही. तारेसारखं ओढून बनवलेलं असेल तर जरासं ओढलं जातं, तेवढंच. काही रिपीटची पिनही अल्युमिनियमची असते. ती चुंबकाला ओळखतच नाही. भोक पाडताना उडालेला अल्युमिनियमचा कीसही तसाच राहतो. म्हणून नवीन पाकीट फोडलं की पहिल्या रिपीटची पिन चुंबकाला लावून पाहायची. चिकटली नाही तर त्या दिवशी चुंबकावर विसंबायचं नाही, खाली जुनी चादर अंथरून काम करायचं आणि कीस ब्रशने गोळा करायचा.

आणि चुंबक असो नसो, मोजायचं. बचत गटात आपण पैशाचा हिशेब ठेवतो ना, तसाच हा. सकाळी मोजून घेतलेले रिपीट, संध्याकाळी उरलेले रिपीट. जितके वापरले तितक्या तुटक्या पिना डब्यात असल्या पाहिजेत. 50 वापरले आणि 49 पिना भरल्या, तर एक पिन कुठेतरी आहे. ती सापडेपर्यंत पेटीत मासळी भरायची नाही. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या आतून, कोपऱ्यांतून, बाहेरच्या जमिनीवरून फिरवायचा. पिन पिशवीला बाहेरून चिकटते, पिशवी उलटी केली की सुटते. मासळी भरल्यावर शोधायला चुंबक पुरा पडत नाही. पापलेटच्या थराखाली हातभर खोल बसलेली पिन तो ओढू शकत नाही.

मासळीच्या पेटीसाठी आणखी एक. साध्या रिपीटमध्ये पिनेचं बोंड मागच्या बाजूला नळीतच राहतं. ते पोलादाचं असतं. मिठाच्या पाण्यात ते गंजतं, शेजारचं अल्युमिनियमही खातं, आणि एक दिवस सुटून पेटीत पडतं. आपल्या मोजणीत ते कधी येतच नाही. म्हणून पेटीच्या आतल्या बाजूला टोक येणार असेल तर बंद टोकाचा रिपीट मागा. त्याची नळी तळाला बंद असते, बोंड आतच राहतं आणि पाणीही झिरपत नाही. थोडा महाग पडतो, पण पेटी खाण्याच्या वस्तूची आहे.

आता डोळ्यांबद्दल. पिन तुटताना कधीकधी मागे उडते. गनच्या मागच्या भोकासमोर चेहरा नको, आणि साधा पारदर्शक चष्मा हवाच. तरीही डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, आणि घरचा चुंबक डोळ्याजवळ नेऊ नका. डोळ्यातून चुंबकाने लोखंड काढतात हे ऐकलेलं असतं, आणि ते खरंही आहे. 1624 साली स्वित्झर्लंडमध्ये मारी कोलिने नावाच्या बाईला ही युक्ती सुचली. ती सुईण होती आणि शस्त्रक्रियाही करायची. एका रुग्णाच्या डोळ्यातला पोलादाचा कण निघेना, तेव्हा तिने चुंबक वापरायला सुचवलं आणि कण निघाला. तिचे पती विल्हेल्म फाब्री नावाजलेले शल्यचिकित्सक. त्यांनी हे लिहून ठेवलं आणि श्रेय बायकोला दिलं. पण मारीचे हात शिकलेले होते. आपण ओढायला गेलो तर कण आतल्या आत फिरून बुबुळ कापेल. डोळा हलक्या कपड्याने झाका आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.

घरात लहान मूल असेल तर छोटे चकचकीत चुंबक कुलपात ठेवा. मुलाने दोन चुंबक गिळले तर ते आतड्यांच्या घड्यांतून एकमेकांना धरतात आणि आतडं फाटू शकतं. असा संशय आला तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसापासूनही ताकदीचे चुंबक दूर ठेवा.

गोळा झालेल्या पिना फेकू नका. झाकणाच्या डब्यात साठवा आणि लोखंडाच्या भावात भंगारात द्या. अल्युमिनियमचा कीस वेगळा ठेवा, त्याला भाव जास्त मिळतो. फार पैसे होणार नाहीत, पण पिना गावात पायाखाली येणार नाहीत. आमच्या गटात गनबरोबर आता चार वस्तू दिल्या जातात: चुंबकाचा डबा, चष्मा, दातघासणी आणि एक छोटी वही. वहीत दोनच रकाने आहेत, रिपीट किती वापरले आणि पिना किती भरल्या. दोन्ही आकडे जुळले की खाली सही करायची आणि मगच पेटी पुढे द्यायची.