जखमेला रक्त हवं

चैत्रात सप्तशृंगगडाच्या वाटेवर खानदेशातून पायी येणाऱ्यांची रीघ लागते. त्यातल्या पुष्कळांचा अनवाणी जाण्याचा नवस असतो. दुपारी डांबर असं तापतं की ज्याला चटका कळतो तो मुकाट्यानं कडेच्या मातीत उतरतो. ज्याच्या अंगात पंधरा वर्षांचा मधुमेह मुरलाय, तो उतरत नाही, कारण त्याच्या तळव्याला काही कळतच नाही. दर्शन होतं, तो घरी परततो आणि दोन दिवसांनी कुणाला तरी चादरीवर डाग दिसतो. तळव्यावर बशीएवढा फोड फुटलेला असतो. मग गावातच ड्रेसिंग सुरू होतं. एक जण हळद भरायला सांगतो, दुसरा कसलासा लेप आणून देतो. दोन महिन्यांनी बोट काळं पडतं, खोलीत वास भरतो आणि नाशिकच्या एखाद्या रुग्णालयात घरचे हात जोडून विचारतात, ‘डॉक्टर, पाय वाचेल ना?’

या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या हातात असतं, त्यांच्यात प्लास्टिक सर्जन असतो, हे बहुतेक घरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. प्लास्टिक सर्जरी म्हणजे नाक-ओठ सुंदर करणं, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात या शाखेचं मोठं आणि जुनं काम न भरणाऱ्या जखमा भरण्याचं आहे. नाशिक जिल्ह्यात तर या कामाला खंड नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर दुचाकीवरून पडलेल्याची नडगी उघडी पडते. अंबड-सातपूरच्या कारखान्यात प्रेसखाली हात सापडतो. मळ्यात कडबाकुट्टीत बोटं जातात, मळणी यंत्रात पदर अडकतो आणि केसांसकट डोक्याची कातडी निघून येते. पेठ-सुरगाण्याकडे भातलावणीच्या दिवसांत पान लागतं, म्हणजे साप चावतो. नागाच्या विषानं जीव जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वेळेवर प्रतिविष मिळून जीव वाचला, तरी दंशाभोवतीचं मांस सडून झडतं आणि पायाच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, उघड्या पडतात, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच माहीत.

जखमा इतक्या तऱ्हांच्या असल्या तरी सर्जनचा पहिला प्रश्न एकच असतो: इथं रक्त पोचतंय का? पायाच्या धमन्या चोंदल्या असतील तर वरून कितीही मलम लावा, जखम भरणार नाही. म्हणून आधी नाडी चाचपायची, रक्तप्रवाह पाहायला डॉपलर करायचं, गरज असेल तर रक्तवाहिनीच्या तज्ज्ञाकडून धमनी मोकळी करून घ्यायची. मग मेलेलं सगळं काढायचं. याला डिब्राइडमेंट म्हणतात. काळं, पिवळं, लिबलिबीत झालेलं मांस ताजं रक्त दिसेपर्यंत कापत जायचं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली की नातेवाईक हबकतात, कारण कालची वाटीएवढी जखम आज ताटलीएवढी झालेली असते. सर्जनला त्यांना समजवावं लागतं की जखम वाढलेली नाही, ती होती तेवढी आता दिसतेय. माझ्या मते या शाखेतलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं कौशल्य हेच. ते नीट झालं नाही तर वर केलेली सुंदर कारागिरी आठवड्यात पुवात तरंगते.

पू असेल तर त्याचा नमुना वरवर कापसानं पुसून घेऊन भागत नाही, खोलातला तुकडा तपासायला पाठवावा लागतो. हाडाला संसर्ग पोचला असेल तर मेलेलं हाडही काढावं लागतं. मग काही दिवस जखमेवर स्पंज बसवून, वरून हवाबंद पडदा चिकटवून, यंत्रानं ओढ लावतात. या निर्वात पट्टीची पद्धत अमेरिकेतल्या आर्जेंटा आणि मॉरिक्वास यांनी 1997 मध्ये मांडली. आज ती आपल्याकडच्या शहरांत सर्रास वापरतात. ती जखमेतलं पाणी खेचते आणि तळाला लालबुंद दाणेदार मांस धरायला मदत करते. पण ही तयारी झाली, उपचार नव्हे. जखम झाकायची अजून बाकीच असते.

झाकायचे दोन मुख्य मार्ग आहेत आणि ते समजून घ्यायला आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला फार कष्ट पडू नयेत. मांडीची पातळ कातडी सोलून जखमेवर पसरणं म्हणजे ग्राफ्ट. तिचा मूळ जागेशी संबंध पूर्ण तुटलेला असतो. पहिले दोन दिवस ती खालून झिरपणाऱ्या रसावर जगते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. खालची जमीन जिवंत असेल तरच हे घडतं. उघड्या हाडावर किंवा उघड्या कंडरेवर ग्राफ्ट धरत नाही. तिथं फ्लॅप लागतो, म्हणजे कातडी, चरबी, कधी स्नायूसुद्धा, आपल्या रक्तवाहिनीसकट उचलून जखमेवर वळवायची आणि देठ तोडायचा नाही. सटाणा-मालेगावकडे डाळिंबाची गुटी बांधतात ती अशीच. फांदीला स्वतःची मुळं फुटेपर्यंत ती आईच्या झाडावरच असते, नंतर कापतात.

देठ न तोडण्याची ही युक्ती आपल्या मातीतली आहे. पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापल्याची कथा नाशिकच्या पोराटोरांना ठाऊक असते. कापलेलं नाक पुन्हा उभं केल्याची जगभर गाजलेली नोंद मात्र पुण्याची आहे. कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान इंग्रज फौजेत बैल हाकायचा. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक दिलं. मुंबईचे इंग्रज सर्जन ही शस्त्रक्रिया पाहायला हजर होते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ऑक्टोबर 1794 च्या अंकात कावसजीच्या चित्रासह तिची हकीकत छापली.

त्या हकीकतीतला तपशील आजच्या सर्जननंही मन लावून वाचावा असा आहे. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून माप घ्यायचं. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेनं रेघ मारायची. तेवढी कातडी सोलायची, पण दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. मग कातडी पीळ देऊन खाली वळवायची, नाकाच्या कडेला खाच करून तिच्यात बसवायची आणि वर काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही, नंतर तुपात भिजवलेलं फडकं. डोळ्यांमधला देठ कापायचा तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. गालाच्या कातडीनं नाक करण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे. पुण्याच्या कारागिराच्या हातात तिचंच कपाळावरून केलेलं रूप होतं. लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं ही हकीकत वाचली, 1814 मध्ये तसंच नाक केलं आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीला तिथून गती आली. गाडीवानाचं नाव राहिलं, पाहायला आलेल्या साहेबांची राहिली, ज्यानं नाक केलं त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मला हे फार लागतं.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानं ही विद्या पुन्हा जवळ केली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी 1958 मध्ये देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग सुरू केला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया होते. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या माणसानं पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात बसकी नाकं आणि वाकडी बोटं सुधारण्याचं मोठं काम केलं. तिकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्याची बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून त्याला चटके बसतात, खिळे टोचतात, आणि त्या जखमांकडे दुर्लक्ष होतं. आज हेच वाक्य मधुमेहाच्या पायाला शब्दशः लागू पडतं. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल आता मधुमेह्यांना देतात, ती याच कारणानं.

नडगीच्या जखमेत फ्लॅपची खरी कसोटी लागते. तिथं हाड कातडीच्या लगेच खाली असतं. गुडघ्याजवळची जखम पोटरीच्या वरच्या स्नायूनं झाकता येते, मधली खालच्या स्नायूनं. घोट्याजवळ मात्र वळवायला मांसच उरत नाही. तेव्हा देठ तोडावाच लागतो: मांडीचा किंवा पाठीचा तुकडा धमनी-शिरेसकट पूर्ण सोडवून पायाच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. वाहिनी दोन-तीन मिलिमीटरची, कधी त्याहूनही बारीक, आणि दोरा केसाहून पातळ, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा. सहा-आठ तास हे चालतं. नंतरच्या रात्री नर्स दर तासाला फ्लॅप पाहते. तो निळा पडला तर शीर तुंबली, पांढरा पडला तर धमनी. दोन्ही वेळा रुग्ण लगेच पुन्हा टेबलावर जातो, मग पहाटेचे तीन का वाजलेले असेनात. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि रुग्णानं वॉर्डाबाहेर जाऊन बिडी ओढली, तरी फ्लॅप जाऊ शकतो, कारण निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. तंबाखूच्या मिसरीतही तेच निकोटिन असतं, आणि बायका ती व्यसन म्हणून सांगतच नाहीत. मुद्दाम विचारावं लागतं.

सगळेच पाय वाचत नाहीत, आणि सडलेला पाय ठेवण्याच्या हट्टापायी जीव गमावणं शहाणपणाचं नाही. सूज झपाट्यानं चढतेय, दिसते त्याहून कितीतरी जास्त दुखतंय आणि ताप आहे, तर हा मांस खाणारा संसर्ग असू शकतो. त्यात तासांचा हिशेब असतो. पण मला खात्रीनं वाटतं की आपल्याकडे कितीतरी पाय रोगापेक्षा उशिरानं जातात. तीन महिने ड्रेसिंग करून मग पाठवलेला रुग्ण पहिल्या आठवड्यात आला असता, तर एखाद्या बोटावर भागलं असतं. पैशाची धास्ती हे उशिराचं मोठं कारण आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्याचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी हे विषय आहेत, हे गावोगावच्या आशाताईंनी सांगायला हवं. रुग्णालयात योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी भेटावं.

म्हणून वाचकहो, एवढं करा. घरात मधुमेही असेल तर रोज रात्री त्याचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः पाहा. त्याला गरम पाण्याचा शेक देऊ नका, भोवरी ब्लेडनं कापू देऊ नका, आणि नवस असला तरी चपलेशिवाय गडाच्या वाटेला लावू नका. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्या. यंत्रात बोट तुटलं तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. भाजल्याच्या जुन्या व्रणावर नवी जखम झाली तर तिचा तुकडा तपासून घ्या, तिथं कॅन्सर होऊ शकतो. मधुमेह्याच्या पायावर जखम दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. एरवीही कुठलीच जखम चार आठवड्यांपलीकडे नुसत्या ड्रेसिंगवर ठेवू नका. आणि कुणी पाय कापायला सांगितलं, जिवाला लगेच धोका नसला, तर सही करण्याआधी तो पाय एकदा प्लास्टिक सर्जनला आणि रक्तवाहिनीच्या डॉक्टरला दाखवा.