पांझरेकाठचा सबजज्ज आणि हायकोर्टातली एक खुर्ची

आमच्या पिंपळनेरहून कोर्टाच्या तारखेसाठी धुळ्याला निघालेला माणूस पांझरेच्या सोबतीनंच जातो. नदी आमच्याकडच्या डोंगरात जन्म घेते आणि पुढे धुळे शहरातून वाहते. एके काळी तालुकाही पिंपळनेरच्याच नावाचा होता. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तो तसाच नोंदलेला आहे. खानदेशाची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी तेव्हा झालेली नव्हती, ती १९०६ मधली. हे गॅझेटियर तयार होत होतं त्याच दिवसांत धुळ्याच्या कोर्टात एक फर्स्ट क्लास सबजज्ज बसत होते. महादेव गोविंद रानडे त्यांचं नाव.

रानडे धुळ्याला आपल्या मर्जीनं आलेले नव्हते. पुण्यात ते सार्वजनिक सभेचे प्राण होते. दुष्काळ, सारा, शेतकऱ्यांचं कर्ज या विषयांवर सभेनं सरकारकडे पाठवलेल्या अर्जांत आणि सभेच्या त्रैमासिकातल्या लेखांत त्यांचा हात असे, आणि सरकारला ते ठाऊक होतं. आधी त्यांना नाशिकला हलवलं. मग १८७९ च्या उन्हाळ्यात वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानं मुलूख हादरला, मे महिन्यात पुण्यातला बुधवारवाडा जळाला, विश्रामबागवाड्याला आग लागली. आग लावणाऱ्याचं आडनाव रानडे होतं. नात्याचा काही संबंध नव्हता, तरी संशयाला तेवढं पुरलं. महादेवरावांची रवानगी धुळ्याला झाली.

पुढची हकिकत रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहिली आहे. धुळ्यात टपाल उशिरा हाती येई आणि पाकिटं फोडून पुन्हा चिकटवलेली असत. बंडखोरांच्या नावानं लिहिलेली पत्रंही येत. रानडे ती वाचून जशीच्या तशी पोलिसांकडे पाठवून देत. सकाळी कोर्टात निवाडे देणाऱ्या माणसाची पत्रं तेच सरकार चोरून वाचत होतं. हा प्रसंग मला फार मोठा वाटतो, कारण न्यायाधीश झालेल्या प्रत्येक राजकारणी माणसाच्या नशिबी येणारी पेचाची जागा त्यात उघडी पडते. माणूस खुर्चीवर बसतो, पण त्याच्या भूतकाळावर पहारा सुरूच राहतो.

राजकारणातून न्यायासनाकडे जाण्याचा हा प्रवास इंग्लंडमध्ये अगदी रुळलेला होता. बॅरिस्टर व्हायचं, पार्लमेंटमध्ये निवडून यायचं, सरकारचं वकीलपत्र मिळवायचं आणि शेवटी न्यायासनावर जायचं. रूफस आयझॅक्स असेच चढत गेले. लिबरल पक्षाचे खासदार, मग अॅटर्नी जनरल, १९१३ मध्ये लॉर्ड चीफ जस्टिस, आणि १९२१ मध्ये लॉर्ड रीडिंग या नावानं हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. तिथं पक्ष आपला आणि सरकारही आपलंच. आपल्याकडे राजकारण करायचं म्हणजे सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचं, आणि न्यायाधीश व्हायचं म्हणजे त्याच सरकारच्या नेमणुकीवर बसायचं. वाट दिसायला सारखी होती, चालायला मात्र निराळी.

मुंबईचं हायकोर्ट १८६२ मध्ये सुरू झालं. कायद्यानं किमान एक तृतीयांश जागा बॅरिस्टरांसाठी आणि किमान एक तृतीयांश सनदी सेवेसाठी राखलेल्या. उरलेल्यांत मातब्बर वकील आणि खालच्या कोर्टातले न्यायाधीश. त्यामुळे एतद्देशीय माणसाच्या वाट्याला येईल अशी जागा फार तर एखाद-दुसरी. नानाभाई हरिदास त्या जागेवर गेले. १८८९ मध्ये ते वारले आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग आले. १८९३ मध्ये तेलंग गेले आणि रानडे आले. जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले आणि नारायण गणेश चंदावरकर आले. मराठी सार्वजनिक जीवनातली तीन मोठी माणसं एकामागून एक एकाच खुर्चीवर बसली.

तेलंग पहिल्या काँग्रेसच्या उभारणीतले. मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसलेले, भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर केलेले, रखमाबाईच्या खटल्यात तिच्या बाजूनं उभे राहिलेले वकील. न्यायाधीश झाल्यावर त्यांचं राजकीय बोलणं थांबलं. मन मात्र इतिहासाकडे वळलं. मराठी बखरींवरचा त्यांचा निबंध रानड्यांच्या मराठी सत्तेच्या उदयावरच्या पुस्तकाला शेवटी जोडलेला आहे. एका न्यायमूर्तीच्या पुस्तकात दुसऱ्या न्यायमूर्तीचा निबंध, आणि विषय शिवाजी महाराजांचं राज्य! व्यासपीठ सुटलं तरी या माणसांनी विचार सोडला नव्हता. तेलंग त्रेचाळिसाव्या वर्षीच गेले.

रानड्यांच्या बाबतीत राजकारणातला अभ्यास न्यायदानाच्या थेट कामी आला. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. या कायद्यानं न्यायाधीशाला मोठं बळ दिलं. कागदावरची रक्कम खरी धरून हुकूमनामा देण्याऐवजी कर्ज मुळात किती होतं, व्याज कसं चढत गेलं, हे खणून काढायचं. पैशासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालायचं नाही, हप्ते बांधून द्यायचे. शिवाय गावपातळीवर तडजोड घडवणारे लोक नेमायचे. रानड्यांनी खालच्या कोर्टांची तपासणी करत या कामात वर्षं घातली, आणि १८८७ मध्ये या कायद्याखालचे स्पेशल जज्ज तेच झाले. ज्या माणसानं सार्वजनिक सभेत बसून शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब मांडला होता, त्याला खतामागची खरी गोष्ट दिसणं साहजिक होतं.

आमच्या भागात याचा अर्थ चटकन कळतो. पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनीच वाटून घेतलं. पाटकरी पाळी सांभाळी, तंटा झाला तर तो फडावरच मिटे. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपल्याकडे म्हणतात. रानडे आयुष्यभर कोर्टात बसले, पण गावातला तंटा गावात मिटावा असं त्यांनाही वाटत असे. पुण्यात सार्वजनिक काकांनी चालवलेल्या लवाद कोर्टाची कल्पना याच जातीची.

मग येतो १८९७ चा जुलै. ‘केसरी’तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जामिनाचा अर्ज हायकोर्टात ज्या दोन न्यायमूर्तींपुढे गेला, त्यांत पार्सन्स यांच्या शेजारी रानडे होते. त्याआधी दोनच वर्षं, पुण्याच्या काँग्रेसच्या वेळी, सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरावी की नाही यावरून टिळक आणि रानडे यांचे पक्ष समोरासमोर आले होते. अर्ज नामंजूर झाला. काही दिवसांनी दिनशा दावर या बॅरिस्टरांनी पुन्हा अर्ज केला, या वेळी बद्रुद्दीन तय्यबजींपुढे. तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि १८९५ पासून न्यायमूर्ती. त्यांनी जामीन दिला. रानड्यांच्या मनात वैर होतं असं मी मानत नाही. पण त्या दिवशी त्यांनी बाजूला सरायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. न्याय नुसता झाला तर पुरत नाही, तो झाल्याचं लोकांना पटावंही लागतं.

अकरा वर्षांनी काळानं आणखी कठोर फिरकी घेतली. १९०८ मध्ये टिळक पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि न्यायासनावर तेच दावर. एकदा ज्यांनी टिळकांसाठी जामीन मागितला होता त्यांनीच आता जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. टिळकांनी ती मंडालेत भोगली.

चंदावरकरांची कसोटी याहून अवघड होती. होनावरचे हे गृहस्थ ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचे संपादक होते. हिंदुस्थानची बाजू मांडायला १८८५ मध्ये इंग्लंडला गेलेल्या तिघांपैकी ते एक. डिसेंबर १९०० मध्ये लाहोर काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं आणि लगेच हायकोर्टाची वस्त्रं अंगावर चढवली. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना अनंत कान्हेऱ्यांनी विजयानंद नाट्यगृहात गोळी घातली. नाशिक कटाच्या खटल्यासाठी तीन न्यायमूर्तींचं खास न्यायपीठ बसलं. ज्यूरी नव्हती, अपिलाची सोय नव्हती. सर बेसिल स्कॉट, हीटन आणि चंदावरकर. डिसेंबर १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तिच्याखाली काँग्रेसच्या एका माजी अध्यक्षाची सही होती. नेमस्त चंदावरकरांना बॉम्ब-पिस्तुलांचा मार्ग मुळातच मान्य नव्हता, त्यामुळे त्यांनी सरकारची भीड धरली असं म्हणणं अन्यायाचं होईल. तरीही ज्या कायद्यानं अपिलाचं दार बंद केलं होतं त्याच्याखाली बसताना या जुन्या संपादकाला काय वाटलं असेल, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

चंदावरकर या खुर्चीवर अखेरपर्यंत राहिले नाहीत. काही काळ इंदूरला होळकर संस्थानची दिवाणगिरी करून १९१४ मध्ये ते सार्वजनिक कामात परतले. जालियनवाला बागेवरच्या हंटर कमिटीच्या अहवालाचा निषेध करायला १९२० मध्ये मुंबईत सभा भरली, तिचे अध्यक्ष तेच होते. डिप्रेस्ड क्लासेस मिशनचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं, विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये ते काम सुरू केलं तेव्हापासून. १९२१ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलचे पहिले बिनसरकारी अध्यक्ष झाले. पुन्हा एकदा अशी खुर्ची, जिच्यावर बसून बाजू घेता येत नाही.

१४ मे १९२३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑगस्टला, त्यांनी चालवलेल्या त्याच कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच ठरावातून पुढे आला. आणि १९३७ मध्ये त्या सत्याग्रहाचे नेते, मुंबईच्या विधानसभेवर निवडून आलेले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याला आले, आणि रानड्यांची पत्रं जिथं फोडली जात होती त्या गावच्या कोर्टात अशिलाची बाजू मांडायला उभे राहिले.