आधी सनद, मग सुट्टी

एलएलबीचा शेवटचा पेपर झाला की मुलं गावी येतात, आठ दिवस झोपा काढतात आणि नवव्या दिवशी घरात विचारणा सुरू होते, ‘काय मग, काळा कोट कधी?’ यावर परवापरवापर्यंत एक हुकमी उत्तर होतं, ‘एक वर्ष तयारी करतो.’ तयारी म्हणजे जेएमएफसीची, अर्थात दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाच्या परीक्षेची. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, मेसचा डबा. आपल्याकडे त्याला कुणी गॅप इयर म्हटलं नाही इतकंच.

20 मे 2025 रोजी या वर्षाचा हिशेब बदलला. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी, असा निकाल तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने दिला. अट तशी जुनीच. 1993 मध्ये घातलेली, 2002 मध्ये काढलेली. हुशार मुलं थेट न्यायसेवेत यावीत हा तेव्हाचा विचार. पण कोर्टाची पायरी न चढलेला उमेदवार एकदम डायसवर बसला की अडचणी येतात, असं पुढे बहुतेक उच्च न्यायालयांनीच कळवलं.

खरी मेख आहे ती मोजणीत. ही तीन वर्षं पदवीपासून धरायची नाहीत, आणि एआयबीई, म्हणजे अखिल भारतीय बार परीक्षा, पास झाल्यापासूनही नाहीत. तात्पुरती सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली, त्या दिवसापासून धरायची. म्हणजे सनद न काढता घालवलेलं वर्ष या खात्यात शून्य. पैशांची सबबही आता चालत नाही. नोंदणीसाठी कायद्यातल्या 750 रुपयांहून जास्त शुल्क घेता येणार नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये, हे सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 ला सांगून टाकलं. त्याआधी एखाद्या राज्यात तर हा आकडा 40 हजारांच्या पुढे गेला होता.

म्हणून विचारायला येणाऱ्या पोरांना मी सांगतो, आधी सनद काढ, मग हवं तर नर्मदा परिक्रमेला जा. मात्र सनद भिंतीवर टांगून तीन वर्षं भरत नाहीत. दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायाधीशांचं शिक्कामोर्तब. सनदेनंतर दोन वर्षांच्या आत एआयबीई पास व्हावी लागते. मधल्या काळात कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर सनद स्थगित ठेवावी लागते. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम मात्र अनुभवात धरलं जातं. वर्षभर थांबायचंच असेल, तर माझ्या मते याहून चांगली जागा नाही. दोन्ही बाजूंचे कागद वाचायला मिळतात आणि कुणाचंच वकीलपत्र नसतं.

पोटाचं काय, हा प्रश्न उरतोच. ज्युनियरला शहरात महिना 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलं. सुचवलं, बंधन नाही. तालुक्याला पेट्रोल सुटलं तरी पुष्कळ. त्यामुळे ‘स्वतःला शोधायला’ वर्ष काढणं ज्याच्या घरी शेती किंवा बापाची पेन्शन आहे त्यालाच परवडतं, हे बोलायला कडू असलं तरी खरं आहे.

मी स्वतः सहा महिने रिकामा बसून मग तालुक्याच्या कोर्टात गेलो. तिसऱ्याच दिवशी सिनियरनी तारीख मागायला पाठवलं. पुकारा झाला, मी उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, ‘अर्ज?’ अर्ज लेखी द्यायचा असतो हे मला पाच वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. बेंच क्लार्कने न बोलता एक कोरा कागद पुढे सरकवला. तारीख मिळाली, शंभर रुपये कॉस्टसकट. संध्याकाळी सिनियरनी ते माझ्याकडूनच घेतले.