गाळातून प्रवाह मोजताना

जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठाच्या आवारात समुद्रतळाच्या गाळाचं एक मोठं शीतगृह आहे. अटलांटिक, आर्क्टिक आणि भूमध्य समुद्रातून काढलेले, दीडशे किलोमीटरहून अधिक लांबी भरेल इतके कोअर, म्हणजे गाळाचे लांब नळकांड्यासारखे नमुने, तिथे 4 अंश सेल्सिअसला जपलेले आहेत. प्रत्येक कोअर उभा चिरतात. एक अर्धा पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवतात आणि नमुने दुसऱ्या अर्ध्यातून घेतात. पोस्टडॉक म्हणून माझं काम या दुसऱ्या अर्ध्यापाशी सुरू होतं. मोजपट्टी लावायची, ठरलेल्या खोलीवरचा थोडासा ओला, राखाडी गाळ काढायचा आणि पिशवीवर खोली लिहायची.

प्रश्न अटलांटिकच्या अभिसरणाचा आहे. कोमट, खारं पाणी पृष्ठभागावरून उत्तरेकडे जातं, तिथे थंड होऊन जड होतं, बुडतं आणि खोलवरून दक्षिणेकडे परततं. 26.5 अंश उत्तर अक्षांशावरची उपकरणं 2004 पासून हा प्रवाह सलग मोजत आहेत. सरासरी सेकंदाला सुमारे 1 कोटी 70 लाख घनमीटर पाणी तिथून उत्तरेला जातं. पण हा प्रवाह कोलमडू शकतो का, हे सांगायला दोन दशकांची नोंद अपुरी आहे. त्याआधीचं विचारायचं तर गाळालाच विचारावं लागतं.

गाळ 63 मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याच्या बारीक धारेखाली धुतला, की चिकणमाती वाहून जाते आणि फोरॅम या एकपेशीय जीवांची चुनखडी कवचं मागे राहतात. ती सुकवून काळ्या ट्रेवर पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक वेचायची. कवच जेमतेम रव्याच्या कणाएवढं. ग्लोबिजेरिनॉइडेस रुबर पृष्ठभागाजवळ तरंगणारा, तर चपटा सिबिसिडॉइडेस वुएलरस्टॉर्फी तळावर राहणारा. तळाचे फोरॅम फार थोडे सापडतात, त्यामुळे एखाद्या नमुन्यात पुरेशी कवचं जमली की खरोखर आनंद होतो. एकाच खोलीवरच्या या दोन्ही प्रकारांचं कार्बन-14 वय काढलं, तर त्यांतल्या फरकावरून खोल पाण्याचा हवेशी संबंध तुटून किती काळ लोटला होता याचा अंदाज येतो.

दुसरा पुरावा गाळात अडकलेल्या दोन मूलद्रव्यांचा. समुद्राच्या पाण्यातल्या युरेनियमपासून थोरियम-230 आणि प्रोटॅक्टिनियम-231 ठरावीक प्रमाणात तयार होतात. थोरियम चटकन कणांना चिकटून खाली बसतं. प्रोटॅक्टिनियम जास्त काळ पाण्यात राहतं, आणि प्रवाह जोरात असेल तर त्यातलं बरंचसं अटलांटिकबाहेर वाहून जातं. म्हणून गाळात थोरियमशी त्याचं गुणोत्तर वाढलेलं दिसलं, की प्रवाह मंदावल्याची शंका येते. शंकाच, कारण डायअॅटम या सूक्ष्म शैवालांची सिलिकायुक्त कवचंही प्रोटॅक्टिनियम ओढून घेतात. त्यामुळे त्याच नमुन्यातली सिलिका मोजावी लागते. शिवाय तळावरचे किडे गाळ ढवळतात, म्हणजे वयातही घोळ होऊ शकतो. आमचा बहुतेक वेळ असे पर्याय खोडून काढण्यात जातो, आणि माझ्या मते या कामाचं खरं मोल तिथेच आहे.

जेरी मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळच्या गाळात हेच गुणोत्तर मोजलं आणि 2004 मध्ये मांडलं, की सुमारे 17,500 वर्षांपूर्वी हा प्रवाह जवळजवळ थांबला असावा. उत्तर अमेरिकेच्या हिमस्तरातून सुटलेले हिमनग वितळले, गोड्या पाण्याने पृष्ठभाग हलका झाला आणि पाणी बुडेनासं झालं. त्याच सुमारास मान्सून क्षीण झाल्याच्या खुणा अरबी समुद्राच्या गाळात मिळतात. मृगाच्या पावसाकडे डोळे लावणाऱ्या घरात मी वाढले. अटलांटिकचा गाळ मला परका वाटत नाही, तो यामुळेच.

पोस्टडॉकची नेमणूक बहुधा दोन-तीन वर्षांची असते. धुणं, वेचणं, मोजणं आणि पुन्हा तपासणं यात त्यातला मोठा भाग संपतो, आणि आकडे बोलू लागतात तेव्हा संशोधक पुढची नोकरी शोधत असतो. प्रवाहाचं पुढे काय होणार हे जगाला जाणून घ्यायचं असेल, तर कवचं वेचणाऱ्या हातांना शंका फिटेपर्यंत थांबण्याची मुभा मिळाली पाहिजे.